सिंधू करू का बेणारे? आपल्या नाटकात बाईचे हालच कामून लागतात?

जनीची_मैतरीण (गंगाखेड) :

नमस्कार मंडळी, इथं पहिल्यांदाच लिहायलेय, लांबलं तर सांभाळून घ्या. मी शाळेत शिक्षिका आहे आणि परभणीच्या एका हौशी ग्रुपमध्ये दोन वर्षांपासून नाटक करते, म्हणजे करते म्हणण्यापेक्षा जमेल तशी जाते, कारण तालीम संध्याकाळी सातला सुरू होते आणि मला परतीची गाडी धरायची असते, त्यामुळं माझा प्रवेश कायम आधी उरकून घेतात आणि बाकीच्यांचा चहा येईपर्यंत मी स्टँडवर पोचलेली असते.

तर यंदा आम्ही जुन्या नाटकांतले निवडक प्रवेश बसवायलोत. सरांनी मला 'एकच प्याला'तली सिंधू दिली. नाव ऐकून होते, गाणी ऐकून होते, पण पूर्ण पुस्तक आत्ता आणून वाचलं. आधी रडले. मग दोन दिवसांनी डोकं फिरलं. नवरा सुधाकर वकील, त्याची सनद जाते, दारूत घर धुऊन जातं, ही दळणं दळून लेकराला जगवते, त्याच्याच काठीनं लेकरू जातं, हिचंही डोकं फुटतं, आणि ही मरता मरता फौजदारासमोर नवऱ्याला वाचवून जाते.

आता डोकं कामून फिरलं ते सांगते. माझ्या वर्गात एक लेकरू आहे, त्याची माय अधूनमधून शाळेत येते, कधी डोळा सुजलेला, कधी हातावर वळ, विचारलं की ठरलेलं उत्तर, "बाई, न्हाणीत घसरले." मी तिला बाजूला घेऊन सांगते की झाकू नको, तक्रार दे, मी येते सोबत. आणि तीच मी संध्याकाळी ठिगळाचं लुगडं नेसून, डोळ्यात पाणी आणून, भरल्या हॉलसमोर तेच "न्हाणीत घसरले" म्हणणार. आणि लोक म्हणणार, वा, काय बाई आहे.

मी सरांना म्हणलं, मला तेंडुलकरांच्या 'शांतता! कोर्ट चालू आहे'मधली बेणारे द्या, खोट्या खटल्याच्या खेळात जिला खरीच आरोपी करून टाकतात ती. तर एक जण म्हणे फॅमिली ऑडियन्स आहे. दुसरा म्हणे, मॅडम तुम्ही शाळेत नोकरीला, बेणारेही मास्तरीणच, लोक उगं जोडून बघतील. घरी सासूबाई म्हणायल्या, सिंधू कर की, चांगल्या घरची बाई आहे ती. (दारूनं घर बुडालेली बाई चांगल्या घरची, आणि स्वतःच्या पगारावर जगणारी वाईट. असो.)

विचारायचंय ते हे की आपल्या नाटकांत बाईचे एवढे हाल दाखवतात ते त्या हालांच्या विरोधात असतात, का ते बघायला आपल्याला बरं वाटतं म्हणून असतात? आणि असं एखादं नाटक सांगा ज्यात शेवटी बाई मरत नाही, येडी होत नाही, आणि माफ करून मोकळी पण होत नाही.

—

नेपथ्यवाला (नांदेड) :

ताई, मला वाचनाचं एवढं कळत नाही, मी सेट लावतो, पंचवीसेक वर्षं झाली. पण तुमचा प्रश्न वाचून एक गोष्ट डोक्यात आली की बाईचा मेन रोल असला की माझ्याकडं मागणी काय येते, तर चूल, जातं, पाळणा, देव्हारा, तुळस. पुरुषाचा असला की टेबल, खुर्ची, फोन, पुस्तकाचं कपाट. पंचवीस वर्षांत बाईसाठी टेबल किती वेळा लावला ते हाताच्या बोटावर सांगतो.

शांतताचा सेट मी दोनदा लावलाय. काहीच नसतं बघा त्यात, गावातला रिकामा हॉल, दोनचार खुर्च्या. पण दाराची कडी मात्र जपून करावी लागते. सुरुवातीलाच त्या कडीत बेणारेचं बोट सापडतं, लोक हसतात, आणि पुढं जेव्हा तिला खरंच निघून जायचं असतं तेव्हा दार बाहेरून बंद. एका प्रयोगाला माझी कडी लागलीच नाही, दार आपोआप उघडलं, आणि ती पोरगी बिचारी उघड्या दारासमोर उभी राहून "दार उघडा" करायली. लोक हसले. मला आजपण वाईट वाटतं त्याचं.

—

पैठणचा_सोंगाड्या :

तुम्ही 'एकच प्याला'च्या १९१९ वर अडकलात ताई, आमच्या नाथबाबांनी सोळाव्या शतकात बाईच्या तोंडून सगळं बोलून ठेवलंय. रोडग्याचं भारूड आठवा. सासरा तिकडंच खपू दे, सासूला उचल, नणंदेच्या पोराला खरूज होऊ दे, दादल्याची तर आहुतीच देते म्हणायली, आणि शेवटी काय मागते तर "एकटीच राहू दे मला". आता सांगा आजच्या कुठल्या सिरियलमध्ये सून हे बोलून दाखवंल. ती तर सासूच्या पाया पडायली.

मी स्वतः लुगडं नेसून हे भारूड करतो, बापापासून चालत आलंय. महाराज नंतर अर्थ सांगतात की सासू म्हणजे कल्पना, नणंद म्हणजे वासना, दादला म्हणजे अविवेक, आणि जीवाला भवानीआई यातनं सोडवते. अर्थ खराच आहे, नाथबाबांचा तोच होता, मी वाद घालत नाही. पण मी स्टेजवरून बघतो ना, सासूचं कडवं आलं की बायकांच्या बाजूनं जो हशा येतो तो काय कल्पनेला येत नसतो. पदरात तोंड घालून हसतात. अर्थ सांगायला लागले की गप. पुरुष मंडळी अर्थालाच माना डोलवतात.

एकदा एक म्हातारी कार्यक्रम झाल्यावर मला म्हणली, बाबा तू बाईमाणूस नाहीस म्हणून तुला बोलू देतेत. मी हसण्यावारी नेलं पण ते डोक्यातनं जात नाही.

—

मास्तर_उदगीर :

चांगला धागा. निवृत्त माणूस आहे, वेळ आहे, जरा सविस्तर लिहितो.

मॅडम, हे फार जुनं दुखणं आहे. संस्कृत नाटकात राजा, मंत्री, ब्राह्मण संस्कृत बोलतात आणि बहुतेक बायका प्राकृत, राणीसुद्धा. म्हणजे नवराबायको एका घरात दोन भाषा बोलतात आणि वरची भाषा नवऱ्याची. आता शकुंतला घ्या. महाभारतातली शकुंतला भर दरबारात दुष्यंताला फाडून खाते, तुला सगळं ठाऊक असून खोटं बोलतोस म्हणते, आणि तिथं त्याला खरंच सगळं आठवत असतं. कालिदासानं मध्ये दुर्वासाचा शाप घातला, अंगठी घातली, मासा घातला, आणि राजा निर्दोष सुटला. काव्य म्हणून ते अप्रतिमच आहे, मी वर्गात शिकवताना माझाही गळा दाटून यायचा. पण बघा, चूक कुणाच्या नावावर चढली? पाहुणा आला तेव्हा तिचं लक्ष नव्हतं, म्हणून तिच्या. १८८० ला अण्णासाहेब किर्लोस्करांनी 'शाकुंतल' मराठीत आणलं, आपली संगीत रंगभूमी खऱ्या अर्थानं तिथून जोरात निघाली. पहिल्या पावलापासून हा शाप सोबत आहे.

पुढं देवलांची 'शारदा', १८९९. म्हाताऱ्या भुजंगनाथाला कोवळी पोरगी पैशाच्या मोहानं द्यायला बाप निघाला, त्याच्या विरोधातलं नाटक, आणि धाडसाचंच. पण लग्न मोडतं कशानं ते आठवा. पोरगी नको म्हणते म्हणून? वयात एवढं अंतर म्हणून? नाही, दोघांचं गोत्र एक निघतं म्हणून! गोत्र वेगळं असतं तर लागलंच असतं की. पुढं १९२९ साली बालविवाहाला आळा घालणारा कायदा आला, मुलीचं वय चौदा, मुलाचं अठरा. तो हरबिलास सारडा यांच्या नावानं सारडा कायदा, आपल्याकडं लोकांनी त्याला शारदेशी जोडून टाकलं. पण तो ब्रिटिश हद्दीतला कायदा, आपण तेव्हा निजामाच्या राज्यात. आणि आज कायद्यात अठरा असून बालविवाहात परभणी आणि बीड राज्यात वरच्या नंबरात आहेत हे तुम्हाला शाळेत बसून जास्त माहीत असंल. दिवाळीनंतर आठवीची किती नावं हजेरीतून गळतात?

आणि एक, मराठीबाहेरचं. भीष्म साहनींचं 'माधवी' वाचा, हिंदीत आहे. गोष्ट महाभारतातलीच. गालवाला गुरुदक्षिणेसाठी आठशे घोडे पाहिजेत, एक कान काळा असलेले पांढरे. ययाती म्हणतो, घोडे नाहीत, पोरगी घेऊन जा. मग तीन राजांकडं दोनदोनशे घोड्यांच्या बदल्यात तिला ठेवायचं, प्रत्येकाला एकेक मुलगा देऊन पुढं निघायचं, उरलेल्या दोनशेपायी शेवटी विश्वामित्राकडंही. सगळ्यांचा धर्म सांभाळला गेला, बापाचं दान, शिष्याची दक्षिणा, राजांचे वारस. मला ते वाचताना ऊसतोडीची उचल आठवली, म्हणजे कामाआधी दिलेले आगाऊ पैसे. आमच्या भागात मुकादम कोयत्यावर उचल देतो, आणि एक कोयता म्हणजे नवरा आणि बायको मिळून. उचल नवऱ्याच्या हातात, अर्धा कोयता बाईचा. घोड्यांचा हिशोब नीट कळतो मग.

—

सरळ_बोलतो :

सगळीकडं बायकांवरच अन्याय दिसायला तुम्हाला. सुधाकर पण बरबाद झालाच ना, त्यानं पण शेवटी विषच घेतलं. त्याच्यावर कोण रडणार? नाटकाचा विषय दारू आहे, उगं बाईवर नेऊ नका.

—

जनीची_मैतरीण :

दादा, सुधाकरवर रडायला सिंधू आहे की. अख्खं नाटक तेच करायली ती.

—

अंबाजोगाईची_काकू :

अगं छान उत्तर दिलंस.

मी वयानं मोठी म्हणून एकेरीच बोलते. तू विचारलंस ना की बाई मरत नाही असं नाटक. 'मुलगी झाली हो' बघितलंस का कधी? १९८३ चं, ज्योती म्हापसेकरांनी लिहिलेलं, स्त्री मुक्ती संघटनेनं गावोगाव केलं. आम्ही कॉलेजात होतो तेव्हा आमच्या पोरींनी ते बसवलं, सेट नाही, लाईट नाही, एक डफ आणि आठ पोरी, पंजाबी ड्रेस घालून. पारावर केलं, शाळेच्या पटांगणात केलं, एकदा तर बाजाराच्या दिवशी केलं आणि मागं म्हशी. पुरुषांची कामं पोरींनीच करायची, खांद्यावर टॉवेल टाकला की बाप, डोक्यावर टोपी घातली की सासरा. त्यात जी मजा होती ना! आयुष्यभर ज्यांना बघून उठून उभं राहायचं त्यांची नक्कल त्यांच्याच समोर. पुढच्या रांगेतले दोनचार जण उठून गेले तर आम्हाला बक्षीस मिळाल्यासारखं वाटलं.

रडायला कुणी आलंच नाही त्या नाटकात. पण एका गावात प्रयोग संपल्यावर एक बाई माझ्याजवळ आली, कडेवर पोरगी, आणि हळूच म्हणली, ही चौथी. बस एवढंच. पुढं काही बोलली नाही, निघून गेली. मला तेव्हा वाटलं की नाटकानं काय होतंय. आता वाटतं तिला कुणाला तरी सांगायचं होतं आणि त्या दिवशी आम्ही होतो.

माझ्या घरी मात्र वडलांना कळलं पेपरातल्या फोटोवरून. त्यानंतर माझं नाटक बंद. लग्न झाल्यावर नवऱ्यानं विचारलं, तू नाटकात होतीस म्हणे? मी म्हणलं, नाही, मैत्रीण होती. (चाळीस वर्षांपूर्वीचं न्हाणीत घसरणं म्हण हवं तर.)

—

तालीम_रूम (छत्रपती संभाजीनगर) :

मी नाट्यशास्त्राची स्टुडंट आहे, काकूंची पोस्ट वाचून दोन मिनिटं काही सुचलं नाही.

मैतरीण ताई, तुझी सिंधू पहिल्यांदा स्टेजवर आणली ती बालगंधर्वांनी, १९१९ मध्ये, नाटक लिहिणारे गडकरी त्याच वर्षी जानेवारीत गेले होते. त्या काळात बायका बालगंधर्वांसारखी साडी नेसायला बघायच्या, तसं चालायला बघायच्या. म्हणजे आदर्श बाई कशी असते हे लिहिलं पुरुषानं, करून दाखवलं पुरुषानं, आणि बायकांनी ते घरी जाऊन पाठ केलं. बालगंधर्व ग्रेटच होते, गाणं ऐकलं की अंगावर येतं, प्रश्न तो नाहीच. तमाशाच्या बोर्डावर खऱ्या बायका होत्याच, पण त्यांच्यासारखं नेसा असं कुणी आपल्या पोरीला सांगितलं नाही. हिराबाई बडोदेकर, ज्योत्स्ना भोळे वगैरे नाटकात ठामपणे उभ्या राहायला १९३० च्या आसपासचा काळ उजाडला.

आणि बायका लिहीत नव्हत्या असं पण नाही हां. खाडिलकरांचं 'बायकांचे बंड' आलं, त्यावर गिरिजाबाई केळकरांनी 'पुरुषांचे बंड' लिहून उत्तर दिलं. नावच किती भारी आहे! आमच्या वर्गात तिघांनाच माहीत होतं.

तेंडुलकरांबद्दल माझं मत थोडं वेगळं आहे, शिव्या घाला पण ऐका. 'सखाराम बाइंडर' १९७२ चं, नवऱ्यापासून सुटलेल्या बायका घरात ठेवणाऱ्या सखारामचं, चंपा आणि लक्ष्मी त्यातल्याच दोघी. सेन्सॉरनं अडवलं, कोर्टात गेलं, सगळं झालं. पण लोक भडकले कशावर, तर चंपाची दारू, तिची भाषा, तिचं बिनधास्त वागणं. शेवटी तिचा गळा दाबला जातो त्यावर मोर्चा निघाल्याचं मी काही वाचलं नाही. आणि तिला पकडून कोण देतं, तर पोथी वाचणारी, मुंग्यांशी बोलणारी लक्ष्मी. मला ते सगळ्यात खरं वाटतं, कारण आमच्या हॉस्टेलला पण पोरींची खबर घरी पोचवणाऱ्या पोरीच आहेत. पण दर वेळी त्यांच्या नाटकात बाई हरते आणि आपण "काय भेदक वास्तव" म्हणून बाहेर पडतो, याचा मला आता कंटाळा यायलाय. 'कमला'मध्ये तरी बरं, ती विकत आणलेली बाई पत्रकाराच्या बायकोला साधेपणानं विचारते की तुम्हाला कितीला घेतलं. तिथं बायकोच्या डोक्यात काहीतरी कायमचं हलतं.

तुझ्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आपल्याच शहरातून गेलेलं आहे, 'चारचौघी'. प्रशांत दळवींचं, चंद्रकांत कुलकर्णींनी बसवलेलं, दोघंही इथले. १९९१ मध्ये आलं, २०२२ ला परत आलं. आई आणि तीन मुली. आई लग्न झालेल्या माणसासोबत राहून पोरी वाढवते आणि त्याची लाज बाळगत नाही. एकीच्या नवऱ्याचं बाहेर प्रकरण, ती फोनवर बोलते तो प्रवेश तर लोक अजून सांगतात. एकीचा नवरा नुसता बोलघेवडा. धाकटीला दोन मुलं आवडतात आणि ती ते सरळ सांगते. कुणी मरत नाही. मी आईला घेऊन गेले होते. परत येताना रिक्षात आई एवढंच म्हणली, "फोन ठेवला नाही तिनं." चार वेळा म्हणली.

—

मास्तर_उदगीर :

बेणारेच्या शेवटाबद्दल एक राहिलं. खेळातल्या त्या कोर्टात तिच्यावर आरोप भ्रूणहत्येचा, आणि निकाल काय, तर तिच्या पोटातला गर्भ नष्ट करा. ज्या गुन्ह्याचा आरोप तोच गुन्हा शिक्षा म्हणून. नाटक १९६७ चं, गर्भपाताचा कायदा आला १९७१ ला, म्हणजे तेव्हा बाहेर खऱ्या कोर्टात तो गुन्हाच होता. आणि ज्याच्यापासून तिला दिवस गेले तो प्राध्यापक दामले? त्याची खुर्ची रिकामी. तो स्टेजवर येतच नाही.

आणि मॅडम, एक लक्षात घ्या, तिला बोलायला खेळातले न्यायाधीश काशीकर दहा सेकंद देतात. ती पानंच्या पानं बोलते, पण बाकी सगळे जागच्या जागी थिजलेले, कुणालाच ऐकू जात नाही. मग काशीकर घड्याळ बघतात, वेळ संपली. तुम्ही करणार असाल तर त्या थिजलेल्या लोकांची तालीम जास्त घ्या. ते हलले की गेलं.

—

सरळ_बोलतो :

मी शांतता बघितलेलं नाही. यूट्यूबवर आहे का?

—

तालीम_रूम :

१९७१ चा पिक्चर आहे, सत्यदेव दुबेंनी केलेला, सुलभा देशपांडे बेणारे. शोधा. आणि ताई, परवानगीचं बघून घे हं, गडकऱ्यांच्या नाटकाला आता लागत नाही पण तेंडुलकरांचा एक प्रवेश जरी केला तरी हक्क ज्यांच्याकडं आहेत त्यांना विचारावं लागेल. आमच्या एका ग्रुपचा प्रयोग आदल्या दिवशी यावरूनच रद्द झाला.

—

जनीची_मैतरीण :

सगळ्यांचे लई आभार, काकूंना वेगळा मेसेज केलाय.

काल तालमीला गेले तेव्हा सरांना म्हणलं, मी सिंधू करते, पण दोन्ही द्या. आधी सिंधू जात्यावर. मग लाईट तोच, लुगडं तेच, मी जात्यावरनं उठणार आणि पदर खोचून सरळ बेणारेची दहा सेकंदं सुरू करणार. मधी निवेदन नाही, ब्लॅकआउट नाही. बाकीचे सगळे मागं थिजलेले, सुधाकर पण. सर बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, परीक्षक काय म्हणतील. मी म्हणलं, आपण कुठं स्पर्धेला चाललोय, सर. मग म्हणाले बघू. "बघू" म्हणजे नाही असतं हे मला माहीत आहे, पण सुधाकर करणारा पोरगा तिथंच म्हणला की मला थिजून उभं राहायला जमतंय, करून बघू आत्ताच. करून बघितलं. वाचूनच केलं, हातात कागद घेऊन. मध्येच माझी गाडी गेली.

परवानगीचं पत्र आज टाकते. तालीम रविवारी सकाळी अकराला करायची असं ठरलंय सध्या तरी, दोन पोरी अजून येते म्हणायल्यात, त्यांच्या घरी सकाळचं चालतं.

नेपथ्यवाले दादा, जातं कुठं मिळंल?

—

नेपथ्यवाला (नांदेड) :

थर्माकोलचं तीनशेत करून देतो, पण ताई ते फिरवताना उचलतं. माझ्या आईचं खरं आहे, घरात पडून आहे, कुणी दळत नाही आता. पैसे नको. फक्त दोन माणसं पाठवा, एकट्याला उचलत नाही ते. आणि खुंटा सैल झालाय, रविवारपर्यंत ठोकून ठेवतो.